असावी

आधी काच, मग कागद, हा तिचा नेम. आणि नेम म्हणजे नेम, त्यात कुणाची ढवळाढवळ चालत नसे. प्रयोगशाळेत तिच्या डाव्या हाताला काचेच्या पट्ट्यांचा ट्रे, उजव्या हाताला पालथ्या घातलेल्या चिठ्ठ्या. कुणाच्या तरी अंगातून काढलेल्या गाठीचा अगदी पातळ काप त्या पट्टीवर चिकटवलेला, जांभळ्या-गुलाबी रंगात रंगवलेला. तो मायक्रोस्कोपखाली सरकवायचा, बघायचं, मनाशी काय ते ठरवायचं आणि मगच चिठ्ठी उलटायची. बाई की बुवा, वय काय, गाठ कुठली, डॉक्टरांना कसली शंका येतेय, ते सगळं नंतर. बरोबरचे लोक हसत. अहो, चिठ्ठी आधी वाचली तर निम्मं काम होतं, कशाला हा उलटा कारभार? तर ती म्हणे, चिठ्ठी आधी वाचली की डोळे चिठ्ठीतलंच शोधायला लागतात. मग आपण बघत नाही, हजेरी घेतो. त्या दिवशी सकाळीही तिनं तसंच केलं. काच सरकवली. लाळेच्या ग्रंथीतली गाठ, हे लगेच कळलं. पेशी शहाण्यासारख्या आपापल्या जागी, भोवती कवच, कुठे गडबड नाही. ‘साधी,’ ती म्हणाली, आणि मनाशी नव्हे, चांगली तोंडानं म्हणाली. सकाळची पहिलीच काच साधी निघाली की दिवस बरा जातो असं तिला वाटायचं, आणि या वाटण्याला काडीचा आधार नाही हेही तिला पक्कं ठाऊक होतं. मग तिनं चिठ्ठी उलटली. चिठ्ठीवर तिच्या दादाचं नाव होतं.

पहिल्यांदा वाटलं, नावासारखं नाव. असतात की. मग वय बघितलं, मग ‘डाव्या कानाखाली’ हे शब्द बघितले, आणि दादाचं बोट आठवलं. दादा वाचत बसला की त्याचं एक बोट कानाखाली चोळत राहायचं. ही सवय घरात सगळ्यांच्या इतकी अंगवळणी पडली होती की त्या बोटाखाली काही असेल असं कुणाच्या मनातच आलं नाही. तिच्याही नाही, आणि ती तर दिवसभर गाठीच बघत असते! कधी काढून घेतली यानं? मागच्याच आठवड्यात फोनवर किती वेळ बोलला, कुठल्याशा तहाची तारीख पुस्तकात चुकीची छापली म्हणून छापणाऱ्याच्या नावानं बोटं मोडत होता, आणि याबद्दल चकार शब्द नाही. तिनं काच पुन्हा मायक्रोस्कोपखाली घातली. घालायला नको होती. कारण आता त्याच काचेवर तिला भलतंच दिसायला लागलं. मघाशी शहाण्या वाटलेल्या पेशी आता दबा धरून बसल्यासारख्या वाटायला लागल्या. आणि खालच्या कोपऱ्यात, कवचाच्या अगदी कडेला, काही पेशी कवचाबाहेर पडल्यासारख्या. पडल्यात का? मघाशी होत्या का त्या तिथं? म्हणजे होत्याच, काच काही बदलली नव्हती. पण मघाशी तिनं त्या बघून सोडून दिल्या की बघितल्याच नव्हत्या? आणि आता दिसतायत त्या खरंच दिसतायत, की भीती दाखवतेय? गाठ कवच फोडून बाहेर पडली असेल तर ती साधी नव्हे. मग पुन्हा मोठं ऑपरेशन, आणि चेहरा हलवणारी नस त्याच ग्रंथीतून जाते. ती नस कापावी लागली तर अर्धा चेहरा लोंबतो, ओठाचा कोपरा खाली येतो, शब्द नीट उमटत नाहीत. आणि दादाचं सगळं आयुष्य म्हणजे बोलणं. तो कॉलेजात इतिहास शिकवायचा, तोही असा की मागच्या बाकावरची झोपाळू मंडळी आपण होऊन पुढे येऊन बसत. जिवाचं काय होईल, हा विचार तर तिनं दाराबाहेरच उभा ठेवला होता.

सख्ख्या भावाची काच आपण वाचायची नसते, एवढी अक्कल शिल्लक होती. उरलेली गाठ मेणाच्या ठोकळ्यात जपून ठेवलेली असते. त्यातून आणखी खोलवरचे काप काढायला सांगून ती काच हातात घेऊन, चिठ्ठीशिवाय, शेजारच्या खोलीत बाईंकडे गेली. बाई म्हणजे विभागाच्या प्रमुख. तिचे डोळे त्यांनीच घडवलेले.

‘बाई, ही तुम्ही बघा. नवे काप आले की तेही तुम्हीच बघा.’

‘कुणाची आहे?’

‘सांगत नाही.’

‘तुला काय वाटतंय?’

‘तेही सांगत नाही.’

बाईंनी चष्मा कपाळावर चढवून तिच्याकडे नीट बघितलं. ‘बरं. मग तुझा चेहरा तेवढा बाहेर घेऊन जा. तो सगळं सांगतोय. काप उद्या दुपारी येतील. तोवर इकडं फिरकू नकोस.’

सुट्टी टाकून ती रस्त्यावर आली तेव्हा ऊन चांगलं तापलं होतं आणि तिला थंडी वाजत होती. दादाचं कॉलेज चालत जाण्यासारखं होतं, म्हणून ती चालायला लागली. चालताना तिच्या डोक्यात एकच शब्द येरझाऱ्या घालत होता. असावी. गाठ साधी असावी. तिच्या वडिलांच्या घरात हा शब्द उच्चारायची बंदी होती. वडील गणिताचे मास्तर, आता निवृत्त. गल्लीतली पोरं त्यांना ‘कशावरून सर’ म्हणत, कारण त्यांना काहीही सांगा, बाहेर ढग आलेत सांगा, शेजारणीला मुलगी झाली सांगा, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: कशावरून? जेवायला बसलं की परीक्षा सुरू. ‘आहे’ म्हणालात तर सिद्ध करा. ‘असेल’ म्हणालात तर ते म्हणणार, हे तर नुसतं खांदे उडवणं झालं. ‘असणार’ म्हणालात तर ते म्हणणार, मूठ आपटून काही खरं होत नाही. आणि ‘असावं’ म्हणालात तर संपलंच. ‘हा शब्द दुतोंडी आहे,’ ते म्हणत. ‘घरात कुणीतरी असावं, म्हणजे काय? दिवा दिसतोय म्हणून केलेला अंदाज, की घर रिकामं नसावं ही इच्छा? बोलणाऱ्यालाच ठाऊक नसतं. अंदाज आणि इच्छा एकाच पिशवीत घालून फिरायचं, आणि विचारलं की सोयीचं ते बाहेर काढायचं.’ तिला तेव्हा हे सगळं भयंकर कंटाळवाणं वाटायचं. आज भर उन्हात पहिल्यांदा तिला पटलं की बाबा बरोबर बोलत होते. तिनं तो शब्द मनात पुन्हा म्हणून बघितला आणि आतून कुठला अर्थ बाहेर येतोय ते तपासलं, आणि तिला खरंच कळेना.

आई मात्र त्या बंदीला जुमानायची नाही. एकदा दुधाचं पातेलं लवंडलं होतं. आई म्हणाली, मांजरानं सांडलं. कशावरून? मांजर माझ्याकडे बघत नाहीये, म्हणून. बाबांनी शून्य मार्क दिले. दादानं, तेव्हा तो शाळकरीच, शेजारच्या काकूंकडे जाऊन मांजर कधी दिसलं ते विचारलं, मग समोरच्या दुकानदाराला वेगळं विचारलं, आणि दोघांना एकमेकांचं बोलणं माहीत नाही याची खात्री करून घेऊन परत आला. ती स्वतः फरशीवर पालथी पडून पंजाचे ठसे बघत राहिली. बाबा तिघांवर चिडले. एक मनकवडी, एक चहाडखोर, एक भिंग, म्हणाले, सिद्ध कुणीच करत नाही! तेव्हापासून दादा तिला ‘भिंग’ म्हणतो. आणि पोरं घराबाहेर पडली की आई दारात उभी राहून रोज म्हणायची, ‘असतील तिथं सुखरूप असावीत.’ आतून बाबांचा आवाज यायचा, ‘हे विधान नाही. ही इच्छा आहे. इच्छेला मार्क नसतात.’ दुसऱ्या दिवशी आई पुन्हा तेच म्हणायची. ती गेली त्यालाही आता बराच काळ झाला, आणि दारात उभं राहून कुणी काही म्हणत नाही.

दादा कॉलेजच्या मागच्या पायरीवर सापडला. गळ्याभोवती मफलर, एवढ्या उन्हात! मफलरीच्या वर पट्टीचं पांढरं टोक दिसत होतं. तिला बघून तो दचकला नाही. उलट ज्याची वाट बघत होतो ते आलं, असा त्याचा चेहरा झाला. तिनं सगळ्या रस्त्यानं काय काय बोलायचं ते ठरवलं होतं, आणि तोंडातून निघालं भलतंच.

‘अरे गाढवा, सांगायचं नाहीस?’

‘बस आधी,’ तो म्हणाला. ‘घाम बघ किती आलाय. वहिनीला ठाऊक आहे. बाबांना नाही.’

‘आणि मला? मी काय परकी आहे?’

‘तू परकी असायला हवी होतीस,’ दादा म्हणाला, ‘एक दिवस तरी. भिंग, ही गाठ तुमच्याच प्रयोगशाळेत पाठवा असं मीच डॉक्टरांना सांगितलं. आधी काच, मग कागद. तुझा नेम मला माहीत नाही का? सांगितलं असतं तर तू नातेवाईक झाली असतीस. मला साक्षीदार पाहिजे होती.’

तिला इतका राग आला की हात उगारावासा वाटला, आणि त्याच वेळी इतकी माया दाटून आली की उगारता येईना. हा माणूस गाठ घेऊन ऑपरेशनच्या टेबलावर पडला आणि तिथंही याचा इतिहास सुटला नाही! त्यानं स्वतःच्या गाठीसाठी असा साक्षीदार गाठून ठेवला होता, ज्याला आपण साक्षीदार आहोत हेच माहीत नाही. त्याच्या धंद्यात हीच सगळ्यात मोलाची साक्ष. कुठल्याशा जुन्या लढाईची हकिकत राजाच्या पदरच्या माणसानं लिहिली असेल तर तो बाजूला ठेवायचा. पण त्याच दिवशी गुरं हरवली म्हणून रडगाणं गाणाऱ्या माणसानं ओघात फौज दिसल्याचं सांगितलं, तर तो त्यावर झडप घालायचा. त्याला काही पटवायचं नव्हतं, दादा म्हणायचा, म्हणून तो खरा.

‘मग?’ दादानं विचारलं. आवाज खेळकर ठेवायचा प्रयत्न होता, पण बोट मफलरीत शिरलं आणि पट्टीवर चोळायला लागलं. ‘काचेनंतर आणि कागदाआधी काय म्हणालीस?’

‘साधी.’

त्यानं डोळे मिटले. इतका वेळ मिटले की ती घाबरली.

‘थांब,’ ती म्हणाली. ‘पुढचं ऐक. नाव बघितल्यावर मी पुन्हा काच बघितली. कोपऱ्यात काहीतरी आहे.’

‘ते तू नाही बघितलंस. ते माझ्या बहिणीनं बघितलं. ती साक्ष बाद.’

‘तुझ्याकडे होत असेल बाद! माझ्याकडे दुसऱ्यांदा बघणं म्हणजे जास्त बघणं. काच तीच, पेशी त्याच. भीतीनं बघितलं म्हणून दिसलेलं खोटं होतं का? घाबरलेल्या माणसाला साप लवकर दिसतो दादा, आणि कधीकधी तिथं साप असतोच.’

‘आणि कधीकधी दोरी.’

‘हो, पण कोणतं, ते भीतीला विचारून कळत नाही, आणि धीराला विचारूनही नाही. पुन्हा कापून बघावं लागतं. बाई बघतायत. त्यांना काही सांगितलेलं नाही. उद्या दुपारी कळेल.’

दादानं पट्टीवरचं बोट काढलं. समोरच्या मैदानात मुलं ओरडत होती, कुणीतरी बाद होतं की नाही यावर त्यांचं जोरात जुंपलं होतं. ‘म्हणजे तूही दुसरा साक्षीदार गाठलासच,’ तो शेवटी म्हणाला, ‘पहिलीला न भेटलेला.’ आणि हसला. हसताना त्याच्या ओठांचे दोन्ही कोपरे वर गेले. तिनं ते बघितलं, आणि ते असेच वर जात राहावेत असं तिला इतक्या जोरानं वाटलं की तिला समोरच्या मैदानाकडे तोंड फिरवावं लागलं.

संध्याकाळी दोघं बाबांकडे गेले. न सांगता राहवणार नव्हतं, आणि दादानं कितीही दाढ दुखतेय म्हटलं तरी बाबा ‘कशावरून?’ विचारणार आणि तोंड उघडून दाखवायला लावणार, हे दोघांनाही माहीत होतं. बाबा खिडकीपाशी पाटी घेऊन बसले होते. अजूनही ते पाटीवरच गणितं करत. कागदावर चूक जपून राहते, म्हणत, पाटीवर पुसता येते. त्यांनी मफलर बघितली, पट्टी बघितली, आणि सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ऐकताना पेन्सिल हातात उभी धरलेली. तिला मनातून त्यांचं उत्तर ऐकू येत होतं. बाबांच्या हिशेबात कितीही पेशी शहाण्या असल्या तरी कवचाबाहेरची एक पेशी पुरेशी होती. एक अपवाद निघाला की सिद्धांत आडवा. त्यांच्या शास्त्रात दया नव्हती, आणि म्हणूनच लहानपणी तिला त्यांच्या शास्त्राचा हेवा वाटायचा. तिथं एकदा झालं की झालं, पुन्हा कापून बघावं लागत नाही. तिचं सगळं आयुष्य ‘आतापर्यंत बघितलं त्यावरून’ यावर चाललेलं, दादाचं ‘आतापर्यंत सापडलं त्यावरून’ यावर. आणि या ‘आतापर्यंत’वर भरवसा ठेवून माणसं गाठी काढून घेतात, पूल ओलांडतात, लग्नं करतात. ती घाबरत घाबरत वडिलांकडे बघत राहिली.

‘मग काय आहे ती?’ बाबांनी विचारलं.

‘साधी असावी,’ ती म्हणाली. शब्द निसटला तो निसटलाच. दादानं फरशीकडे बघितलं. आता बाबा तिला फाडून खाणार, आणि खाल्लं तर बरंच होईल, निदान घर पहिल्यासारखं वाटेल, असं तिला वाटलं.

बाबांनी पेन्सिल खाली ठेवली. मग कष्टानं उठून ते दादापाशी आले आणि त्यांनी पट्टीवर, अगदी न दुखेल असा, तळहात ठेवला.

‘असावी,’ ते म्हणाले. थोडं थांबले, आणि पुन्हा म्हणाले, ‘असावी रे. साधीच असावी.’

यात अंदाज किती आणि इच्छा किती हे विचारायची गरजच नव्हती. तो थेट दारात उभ्या राहणाऱ्या आईचा आवाज होता, तेच हेल, शेवटी तसंच उतरणं. इतकी वर्षं आतल्या खोलीतून मार्क कापताना बाबा तो आवाज नीट ऐकत होते तर! तिला रडू फुटलं. दादाही रडला. बाबा मधे उभे राहून दोघांना ‘पुरे आता, पुरे’ म्हणत राहिले, पण हात त्यांनी काढला नाही. घरी परतताना तिला वाटलं, हा शब्द काही फसवा नाही. माणूस ज्याच्यासाठी जीव टाकतो त्याचाच अंदाज बांधत बसतो, म्हणून ते दोन अर्थ एका घरात राहायला आले असतील. लबाडी शब्दात नसते. आपण कुठला अर्थ वापरतोय ते स्वतःपासून लपवतो, तिथं ती सुरू होते. आणि त्यासाठीच काच आधी बघायची, दुसऱ्याला दाखवायची, पुन्हा कापायचं.

दुसऱ्या दिवशी ती सकाळपासून दुसऱ्यांच्या काचा बघत होती, आणि चांगल्या बघत होती, याचं तिलाच नवल वाटलं. दुपारी बाईंनी हाक मारली.

‘साधी आहे,’ बाई म्हणाल्या.

‘आणि कोपरा?’

‘कुठला कोपरा?’

तिनं काच लावून दाखवली. बाईंनी क्षणभर बघितलं. ‘अगं, तो होय! काप घेताना कड मुडपलीय तिथं, म्हणून पेशी बाहेर पडल्यासारख्या वाटतायत. मी बघूनच सोडून दिला. खोलवरच्या कापांत बघ की, कवच अख्खं आहे. सगळीकडं फिरून बघितलं मी.’ मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, ‘कोण आहे तुझं?’

‘भाऊ.’

‘वाटलंच मला,’ बाई म्हणाल्या. ‘पण काच बघून झाल्यावर वाटलं, बरं का. आधी नाही.’

तिनं सगळे काप स्वतः बघितले. कवच अख्खं होतं. कोपऱ्याची कड मुडपलेली होती, आणि आता ती मुडपलेली आहे हे इतकं स्वच्छ दिसत होतं की काल दिसलं कसं नाही, याची लाज वाटावी. पण पहिल्या वेळी, नाव कळायच्या आधी, तो कोपरा तिनं ओळखून सोडला होता की नुसताच नजरेतून सुटला होता, ते तिला आता कधीच कळणार नव्हतं. तिथं ना बाई कामाच्या, ना दादाची साक्ष, ना बाबांची पाटी. थोडं टोचलं ते. पण टोचलेलं बरोबर घेऊन जगता येईल, इतपतच टोचलं.

दादाला फोन केला तर तो नुसता ‘भिंग, भिंग’ म्हणत राहिला आणि मग वहिनीनं फोन हिसकावून घेऊन हसत-रडत काहीतरी सांगितलं, ज्यातलं एक अक्षर कळलं नाही आणि सगळं समजलं. मग तिनं बाबांना फोन लावला.

‘बाबा, साधी आहे.’

पलीकडे घसा खाकरल्याचा आवाज.

‘आहे?’

‘आहे.’

‘कशावरून?’

तिला एकदम हसू आलं आणि डोळेही भरून आले. काल त्यांनी हे विचारलं नव्हतं, आणि न विचारलेला तो प्रश्न रात्रभर तिच्या छातीवर बसला होता. आता तो पुन्हा आपल्या जागी परत आला होता, तसाच कडक, तसाच खडूस, आणि जगात सगळं ठीक होतं.

‘दोन साक्षी आहेत बाबा. एकमेकींना न भेटलेल्या. एक बाईंची. दुसरी माझीच, पण गाठ दादाची आहे हे मला माहीत नव्हतं तेव्हाची.’

‘म्हणजे सिद्ध झालेलं नाही.’

‘नाही.’

‘आणि तरी आहे म्हणतेस.’

‘म्हणते.’

बाबा विचार करत असल्याचं ऐकू येत होतं. त्यांनी पाटी जवळ ओढली असणार. पेन्सिल शोधताना काहीतरी खाली पडलं.

‘बरं,’ ते म्हणाले. ‘मग पहिल्यापासून सांग. काही गाळायचं नाही.’

तिनं खुर्ची ओढली, नीट बसली आणि डोळे पुसले.

‘आधी काच,’ तिनं सुरुवात केली.